जुन्या बंदुकांची नोंदवही

पहिली बंदूक घरी आली त्याच दिवशी वही उघडा. नंतर लिहू म्हटलं की राहूनच जातं. ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या, जुन्या बंदुकांवर बरेचदा अनुक्रमांक नसतो, मग ओळख पटते ती खुणांवरून. लॉकप्लेटवर, म्हणजे बार उडवणारी यंत्रणा बसवलेल्या बाजूच्या पट्टीवर, १८५७ कोरलंय? तसंच उतरवून घ्या, पण अख्ख्या बंदुकीचं साल तेच असं धरू नका, सुटे भाग आधी बनून पडलेले असत. नळीच्या मजबुतीची चाचणी झाल्यावर तिच्यावर मारलेल्या शिक्क्यांचे फोटो तिरप्या उजेडात काढा. पुसट अक्षरं उठून दिसतात. नळीची लांबी, आतला व्यास, दस्त्यावरची चीरसुद्धा लिहा. (मोजण्याआधी आत जुना बार नाही ना, हे जाणत्याकडून तपासून घ्याच.) माझ्याकडून एक पावती हरवली. त्या बंदुकीचा आधीचा मालक कोण, हे आता कळणार नाही, अजून सलतं. वहीची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा.