आजीच्या नोंदींची वही

महोदय,

मुलीने डॉक्टरच व्हावे असा आग्रह धरणाऱ्या आपल्या पत्रात तिच्या गुणांविषयी जेमतेम एक ओळ आहे आणि ‘आजीला बरे करायचे तर डॉक्टरच व्हायला हवे’ हे वाक्य तीनदा आले आहे. अल्झायमर झालेली आपली आई घरातल्या घरात वाट चुकते, हे पाहताना होणारा त्रास मी समजू शकते. पण त्याचा भार बारावीतल्या मुलीच्या प्रवेश अर्जावर टाकणे मला मुळीच मान्य नाही. आजच्या औषधांनी हा आजार बरा होत नाही, तेव्हा तो बरा करण्याचे वचन तिच्याकडून मागणे हा निव्वळ अन्याय आहे.

मुलीच्या ज्या वहीला आपण ‘वेळेचा अपव्यय’ म्हणता, तिथेच मी अधिक रेंगाळले. न्हाणीघरातून बाहेर पडल्यावर आजी उजवीकडे वळण्याऐवजी डावीकडे वळते, दिवा लावलेला असेल तर क्वचित आणि अंधारात हमखास, असे मुलीने तारखांसह टिपले आहे. आपण कोणत्या दिशेला तोंड करून आहोत, हे मेंदूला कसे कळते याचा एक धागा इथे जुळतो: जेम्स रँक या शास्त्रज्ञाने 1984 मध्ये उंदरांच्या मेंदूतील दिशापेशींची नोंद केली. डोके ठरावीक दिशेला वळले की त्यांतली एक पेशी जोमाने संदेश सोडते, दुसऱ्या दिशेला दुसरी. उत्तर दिशा दाखवणारे होकायंत्र मात्र ते नव्हे: समोरची ठळक खूण फिरवली तर या पेशींच्या दिशाही फिरतात आणि अंधारात त्यांचा अंदाज हळूहळू ढळतो. दिशाज्ञानाच्या या जाळ्यातला एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्स हा मेंदूचा भाग अल्झायमरमध्ये फार लवकर बाधित होतो. आजीच्या चुकीमागे हेच कारण आहे, असे वहीवरून ठरवता येणार नाही. मुलीनेही तसे ठरवलेले नाही, दिसले तेवढेच लिहिले आहे, आणि मला कौतुक वाटते ते याचेच.

मेंदूवर संशोधन करण्यासाठी आधी डॉक्टर व्हावेच लागते, हा आपला समज चुकीचा आहे. आपण कुठे आहोत हे मेंदूला कळवणाऱ्या स्थानपेशी आणि जालपेशींच्या शोधासाठी 2014 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळालेले जॉन ओकीफ, मे-ब्रिट मोसर आणि एडवर्ड मोसर हे तिघेही मानसशास्त्राच्या वाटेने या विषयात आले. जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित, संगणकशास्त्र यांतूनही इथे येता येते. संख्याशास्त्राचा कंटाळा असेल किंवा प्राण्यांवरील प्रयोग मनाला पटत नसतील, तर तो अडसर वैद्यकीय पदवी नसण्यापेक्षा मोठा ठरेल. हे तिला आपण एकदाही विचारलेले दिसत नाही.

तिला स्वतःला हवी असेल तर वैद्यकीय प्रवेश परीक्षा तिने जरूर द्यावी. तूर्त न्हाणीघराबाहेर रात्रभर दिवा ठेवावा, आईंच्या डॉक्टरांना ती वही दाखवावी, आणि रात्री आजीसोबत उठण्याची जी पाळी मुलीकडे असल्याचे आपण ओघात लिहिले आहे, ती आजपासून आपण घ्यावी.