ज्येष्ठांच्या सर्वेक्षणातून नगरपालिकेने नेमकं काय करायचं?

तुमच्या प्रश्नातच खरी अडचण आहे: सर्वेक्षण झालं, तक्ते तयार आहेत, पुढे काय?

आधी सरासरी बाजूला ठेवा. ‘बहुतेक ज्येष्ठ समाधानी’ या वाक्यावर एकही बाक बसत नाही. आकडे वयोगट, एकटे राहणारे, स्त्री-पुरुष आणि प्रभाग असे फोडून बघा. साठीतला माणूस आणि पंच्याऐंशीतली एकटी बाई यांच्या गरजा एका रकान्यात मावत नाहीत. मात्र एखाद्या प्रभागातून दहा-बाराच उत्तरं आली असतील तर त्यावर टक्केवारी काढू नका; तिथे सरळ जाऊन बोलणं बरं.

मग हे तपासा, की सुटलं कोण? फोनवरच्या सर्वेक्षणात कमी ऐकू येणारे गळतात, ऑनलाइनमध्ये स्मार्टफोन नसलेले. घरी जाऊन विचारलं तरी कित्येकदा उत्तरं मुलगा किंवा सूनच देते. (‘घरात त्रास होतो का?’ हा प्रश्न सुनेसमोर विचारून काय हाती लागणार!)

प्रश्न कुठल्या विभागाचा हे ठरवायला जागतिक आरोग्य संघटनेची 2007 ची ज्येष्ठस्नेही शहरांची मार्गदर्शिका कामाची आहे. तिच्यात वाहतूक, घरं, मोकळ्या जागा, आरोग्यसेवा असे 8 विषय आहेत.

‘बसने का जात नाही?’ याचं उत्तर ‘पायरी उंच आहे’ असेल तर ते परिवहन विभागाकडे, ‘थांब्यापर्यंत चालवत नाही’ असेल तर रस्ते विभागाकडे. दोन-तीन वर्षांनी तेच प्रश्न, त्याच शब्दांत पुन्हा विचारा. शब्द बदलले की तुलना गेली.