सूचौची पौर्णिमा आणि शेजारच्या आजी

आपल्या यजमानांची बदली चीनमधल्या सूचौ शहरात झाली आहे, आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आपण सप्टेंबरच्या सुमारास येणार आहात आणि घरात मांस-अंडे चालत नाही. आल्याआल्याच चिनी लोकांचा मध्य-शरद सण येतो. त्यात काय खाता येईल आणि परक्या माणसाला एकटे वाटते का, असे आपण विचारले आहे. आपला प्रश्न वाचून दोन दिवस मी अस्वस्थ होते, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

इथे येण्यासाठी लागणाऱ्या कागदपत्रांची यादी दूतावासाच्या संकेतस्थळावर आहे. मी इतकेच सांगेन की मुलीच्या जन्मदाखल्यावर आडनाव आहे की नाही, ते आजच पाहावे. आमच्या मुलाच्या दाखल्यावर त्याचे आणि वडिलांचे नाव होते, आडनाव नव्हते. तेवढ्यापायी सहा आठवडे गेले आणि १ सप्टेंबरला सुरू झालेल्या शाळेत तो महिनाअखेरीस पोहोचला. अपोस्टिलच्या, म्हणजे कागदपत्र परदेशात ग्राह्य धरले जावे म्हणून मिळणाऱ्या सरकारी शिक्क्याच्या, भरवशावरही राहू नये. चीन २०२३ च्या नोव्हेंबरपासून त्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय करारात आला असला, तरी भारत आणि चीन यांच्यात तो लागू नाही.

आता खाण्याविषयी. हा सण चिनी आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला येतो, म्हणजे बहुतेक वर्षी आपल्या भाद्रपदी पौर्णिमेच्या आसपास. या सणाचा खास पदार्थ म्हणजे मूनकेक. मूनकेक म्हटले की आपल्याकडच्यांना वरती नक्षी उठवलेली तपकिरी, गुळगुळीत वडी आठवते. ती दक्षिणेकडची, कँटनची. तिच्यात कमळबियांचे गोड सारण आणि बहुधा खारवलेल्या बदकाच्या अंड्याचा पिवळा बलक असतो. सूचौचा मूनकेक वेगळा. तो आपल्या साट्याच्या करंजीसारखा पापुद्र्यांचा असतो, गरम असताना हातात घेतला की चुरा थेट पदरावर पडतो. लोक दुकानाबाहेर रांगा लावतात त्या डुकराच्या खिम्याच्या मूनकेकसाठी. गुलाबाचे किंवा लाल चवळीसारख्या कडधान्याचे सारण असले तरी निर्धास्त होऊ नये, कारण ते पापुद्रे परंपरेने डुकराच्या चरबीवर सुटतात. तिला ‘चूयोउ’ म्हणतात, तो शब्द आणि त्याची अक्षरे पाठ करून ठेवावीत. आपल्यासाठी खात्रीची जागा म्हणजे मूतू भागातले लिंगयान डोंगरावरचे बौद्ध मंदिर. तिथले मूनकेक वनस्पती तेलातले, पूर्ण शाकाहारी आणि गावात नावाजलेले आहेत.

खेकड्यांचे दिवसही याच सुमारास सुरू होतात. यांगछंग सरोवराचे खेकडे दोरीने बांधून मंडईत मांडलेले दिसतील. नवव्या महिन्यात मादी खावी, दहाव्यात नर, असे इथले लोक सांगतात. आपण पुढे चालू लागावे.

घरात जितकी माणसे तितके मूनकेकचे तुकडे करतात आणि बाहेरगावी असलेल्याचाही तुकडा मोजतात. ‘थ्वानयुआन’, म्हणजे घरचे सगळे एकत्र येणे, हाच या सणाचा गाभा आहे. मूनकेकचे डबे म्हणूनच सगळ्यांकडून येतात, जेवायचे आमंत्रण मात्र क्वचित. आम्हाला ते पहिल्याच वर्षी, २९ सप्टेंबर २०२३ रोजी, शेजारच्या आजींकडून आले आणि मी ते नाकारले. आमच्या पितृपंधरवड्याचे दिवस आहेत, शिवाय आम्ही चरबी खात नाही, असे मी फोनवरच्या भाषांतरयंत्रातून सांगितले. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, कारण मात्र ते नव्हते. भाषा येत नसताना तीन तास हसऱ्या चेहऱ्याने बसायचे, याचीच मला धास्ती वाटली होती. त्या रात्री आठ वाजता चंद्र दाखवायला मी सांगलीला फोन लावला, तर तिथे साडेपाच वाजलेले. आईचा चहा चालला होता आणि चंद्र उगवायचाच होता. एकटेपणाविषयी याहून अधिक मला लिहायचे नाही.

शाळेविषयी मात्र लिहायचे आहे. २०२४ साली हा सण आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, १७ सप्टेंबरला आली. सुटीआधी शाळेत कार्यक्रम होता. चंद्राकडे पाहून गावाची आठवण काढणारी वीस अक्षरांची एक जुनी कविता इथल्या प्रत्येक मुलाला येते. आमच्या मुलाने ती उच्चारांच्या चढउतारांसह महिनाभर घोकली होती. बाईंनी त्याला भारतीय पोशाखात यायला सांगितले, हातात कंदील दिला आणि मंचाच्या कडेला उभे केले. कविता म्हणायला त्याला बोलावलेच नाही. छायाचित्रात तो अगदी मधोमध आहे. मी तेव्हा बाईंना आभाराचा निरोप पाठवला होता, तो अजून मला टोचतो. आपण मुलीच्या वर्गशिक्षिकांना आधीच विचारावे आणि उत्तर पटले नाही तर आभार मानू नयेत.

त्याच वर्षी आजींनी दार वाजवून अळकुड्यांचे वाडगे दिले. इथे त्या सालासकट उकडतात आणि साखरेला लावून खातात. चिमटीत दाबले की साल अंगरख्यासारखे सुटते आणि बोटे पोळतात. साखरेत गुईहुआची बारीक पिवळी फुले होती. या दिवसांत सगळे सूचौ त्यांच्या वासाने भरलेले असते. चरबी नाही, असे त्यांनी हाताने दोनदा खुणावून सांगितले. वर्षभर त्यांनी ते लक्षात ठेवले होते.

२०२५ मध्ये चिनी पंचांगात सहावा महिना अधिक आल्याने सण ६ ऑक्टोबरला, नेमका कोजागरीला पडला. मी मसाला दूध आटवले आणि पेला घेऊन त्यांच्या दारात गेले. दुधावरच्या पिवळ्या काड्यांकडे पाहून, ही गुईहुआ का, असे त्यांनी विचारले. केशराला त्यांच्या भाषेत काय म्हणतात ते मला येत नव्हते. ते आमच्या घरातून मुलाने ओरडून सांगितले, आणि आजींनी त्याचा एक उच्चार दुरुस्त करून त्याला आत बोलावले.