जुन्या ड्रॅगर डॉल्फिनसाठी स्वस्त ऑक्सिजन मॉनिटर: पैसे कुठे वाचवावेत, कुठे नाही

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुना ड्रॅगर डॉल्फिन (सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा वापरणारं डायव्हिंगचं यंत्र, म्हणजे रीब्रीदर) हाती आलाय, त्यावर ऑक्सिजन दाखवणारं काही नाही, तयार मॉनिटर परवडत नाही. तेव्हा आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) आणि व्हेंटिलेटरचा सेन्सर वापरून घरच्या घरी काही जमेल का?

मॉनिटर घरी करता येतो. व्हेंटिलेटरचा सेन्सर मात्र लावू नका. स्वस्तात करायचं ते सर्किट आणि डबा, सेन्सर नव्हे. माझं सगळं उत्तर या एका मुद्द्याभोवती आहे.

आधी मॉनिटर का हवा ते बघू. डॉल्फिन सेमी-क्लोज्ड आहे, म्हणजे जेटमधून (बारीक छिद्राच्या तोटीतून) नायट्रॉक्स (ऑक्सिजन वाढवलेलं नायट्रोजनबरोबरचं मिश्रण) ठरावीक वेगाने लूपमध्ये, म्हणजे श्वास फिरत राहणाऱ्या नळ्या-पिशव्यांत, येत राहतो. समजा ५० टक्क्यांचा नायट्रॉक्स आहे आणि प्रवाह मिनिटाला ७.३ लिटर. तुम्ही निवांत तरंगताय, शरीर मिनिटाला १ लिटर ऑक्सिजन वापरतंय, तर लूपमधला ऑक्सिजन ४२ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. आता प्रवाहाविरुद्ध जोरात फिन मारायला लागा. वापर अडीच लिटरवर गेला की तोच आकडा २४ टक्क्यांवर येतो. सिलिंडर तोच, जेट तोच. आणि जेट मिठाने अर्धवट बुजून प्रवाह ४ लिटरवर आला, तर मिनिटाला जेमतेम २ लिटर ऑक्सिजन आत येतो. शरीर तेवढाच वापरत असेल तर लूपमध्ये हळूहळू नुसता नायट्रोजन उरतो. स्क्रबर कार्बन डायऑक्साइड काढून टाकत असल्यामुळे धाप लागत नाही, घुसमट होत नाही. माणूस शांतपणे बेशुद्ध होतो. खोलीवर जास्त दाबामुळे कमी टक्के ऑक्सिजनवरही निभतं, वर येताना दाब उतरला की निभत नाही. म्हणून मॉनिटर करायचं तुम्ही मनावर घेतलंत याचा मला मनापासून आनंद झाला.

आता सेन्सर. रीब्रीदरमधले बहुतेक सेन्सर गॅल्व्हॅनिक असतात: आत शिशाचा अ‍ॅनोड, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण आणि पुढे पातळ पडदा. वीज ते स्वतःच तयार करतात, साधारण ८ ते १३ मिलिव्होल्ट हवेत आणि त्याच्या पावणेपाच पट शुद्ध ऑक्सिजनमध्ये. टक्केवारी नव्हे, ऑक्सिजनचा आंशिक दाब (एकूण दाबातला ऑक्सिजनचा वाटा, बारमध्ये; समुद्रसपाटीच्या हवेत ०.२१) मोजतात, आणि आपल्याला तेच हवं असतं. व्हेंटिलेटरच्या सेन्सरचं रसायन बरंचसं हेच. पण तो एका वातावरणाच्या आसपासच्या दाबासाठी आणि कोरड्या जागेसाठी तपासलेला असतो. मागच्या बाजूने दाब समान होण्याची सोय नसेल तर खोलीवर आकडा भरकटतो, किंवा पडदा फाटून क्षार लूपमध्ये उतरतो. तो घशाला भाजतो. दवाखान्यातून काढून टाकलेला सेन्सर तर हातातही घेऊ नका, त्याचं आयुष्य कधी सुरू झालं ते कुणालाच माहीत नसतं. गाड्यांच्या सायलेन्सरमधला लॅम्डा सेन्सर तापवावा लागतो, त्यामुळे तोही बाद.

डायव्हिंगसाठी म्हणून विकला जाणारा नवा सेन्सर घ्या, आणि मागवण्याआधी विक्रेत्याला उत्पादनाचा महिना विचारा. उत्पादनापासून दीड वर्षात आणि हवेत उघडल्यापासून वर्षभरात तो बदलावा, उष्णतेत आणखी लवकर संपतो. कस्टम्समध्ये अडकलेलं पार्सल म्हणजे त्याच्या आयुष्यातून गेलेले दिवस. दोन सेन्सर लावा. शक्य असेल तर दोन्ही एकाच बॅचचे नकोत, कारण एकाच वयाचे सेन्सर एकाच वेळी चुकतात आणि एकमेकांना दुजोरा देतात. असा दुजोरा फार घातक.

सर्किटबद्दल माझं मत जरा जुन्या वळणाचं आहे. आर्डुइनोच्या अंगच्या कन्व्हर्टरने (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाने) हे जमणार नाही, त्याची एक पायरी जवळजवळ ५ मिलिव्होल्टची, म्हणजे हवेतलं सगळं वाचन दोन पायऱ्यांत संपतं. एडीएस १११५ ही वेगळी कन्व्हर्टर चिप लावली तर पायरी ८ मायक्रोव्होल्टच्या आत येते आणि काम उत्तम होतं. पण प्रोग्रॅम अडकला तर स्क्रीनवर शेवटचा आकडा तसाच राहतो, आणि पाण्याखाली तो खराच वाटतो. त्यामुळे पहिल्या मॉनिटरसाठी मी २०० मिलिव्होल्टचे दोन साधे एलसीडी पॅनेल मीटर सुचवेन. प्रत्येकाला आपली ९ व्होल्टची बॅटरी आणि आपला सेन्सर, दोघांत एकही तार सामाईक नाही. मधे अनेक फेऱ्यांचा ट्रिमपॉट (स्क्रूने कमीजास्त करायचा रोधक) बसवा, ५० किंवा १०० किलोओहमचा, म्हणजे सेन्सरवर भार पडणार नाही. तो फिरवून हवेत २.१ मिलिव्होल्ट दिसतील इतकं कमी करा आणि मीटरवरचा दशांशबिंदू हलवा: झाला ०.२१. यात अडकायला प्रोग्रॅमच नाही.

डब्यासाठी जाड अ‍ॅक्रिलिक आणि ओ-रिंग. पहिल्यांदा रिकामा डबा, आत टिश्यू पेपर ठेवून, वजन बांधून दोरीने तळाशी सोडा. कागद कोरडा वर आला की मगच मीटर आत जातील. बॅटरी लूपच्या आत कधीही नको. तार लूपमध्ये शिरते तिथे एपॉक्सी तारेच्या रबरी वेष्टणाच्या आतपर्यंत भरा, नाहीतर पाणी वेष्टणातूनच सरपटत जातं.

सेन्सर श्वास आत घेण्याच्या बाजूला, स्क्रबरनंतर बसवा. तोंड खाली किंवा आडवं. लूपमध्ये ओलावा भरपूर असतो आणि पडद्यावर थेंब बसला की आकडा गोठतो. खोली बदलूनही आकडा हलत नसेल तर तो स्थिर आहे म्हणून समाधान मानू नका, संशय घ्या.

कॅलिब्रेशन समुद्रकिनारीच करा. पुण्यात हवेचा दाब कमी असल्याने खरा आकडा ०.२० च्या जवळ असतो. तिथे ०.२१ लावून तारकर्लीला गेलात तर मॉनिटर ऑक्सिजन असेल त्यापेक्षा जास्त दाखवेल, आणि ती चूक नेमकी नको त्या बाजूची. दमट हवेनेही आकड्यात ०.०१ पर्यंत फरक पडतो, पण सेन्सर कोरडा असेल तर तो मी सोडून देतो.

हवेत बरोबर दाखवणारा सेन्सर वरच्या दाबाला बरोबर दाखवेलच असं नाही. म्हातारा सेन्सर ठरावीक मिलिव्होल्टच्या वर जातच नाही. म्हणून महिन्यातून एकदा शुद्ध ऑक्सिजन सोडून बघा: हवेत १० मिलिव्होल्ट असतील तर ४७-४८ यायला हवेत. ही परीक्षा फक्त १.० पर्यंतची. पुढचं तपासायला प्रमाणित पोलादी प्रेशर पॉटमध्ये साधी हवा ६ बार निरपेक्ष दाबापर्यंत भरा, आकडा १.२६ च्या आसपास यावा. प्लंबिंगच्या पीव्हीसी पाइपाचा पॉट करू नका, हवेखाली तो फुटला तर तुकडे उडतात.

पाण्यात असताना सगळ्यात भरवशाची तपासणी बायपासने (सिलिंडरमधला वायू थेट लूपमध्ये सोडणाऱ्या झडपेने) होते. १० मीटरवर ताज्या ५० टक्के नायट्रॉक्सने लूप धुवून काढा, दोन्ही मीटरवर १.० च्या आसपास यायला हवं. नाही आलं, किंवा दोघांत ०.१ पेक्षा जास्त फरक पडला, तर कोणता खरा याचा विचार पाण्याखाली करत बसू नका. वेगळ्या सिलिंडरचा वेगळा रेग्युलेटर तोंडात घ्या आणि वर या. तो बेलआउट सिलिंडर सोबत नसेल तर हा मॉनिटर लावूनही डॉल्फिन पाण्यात नेऊ नका, आणि रीब्रीदरचं प्रशिक्षण झालं नसेल तर आधी ते.

तुमच्याकडच्या जेटवर किती टक्क्यांचा शिक्का आहे आणि श्वास आत घेण्याच्या बाजूला सेन्सरसाठी बुचाची जागा आहे का, ते फोटोसह सांगा. बुच असेल तर सेन्सरची बैठक लेथवर डेलरिनमध्ये (एक कडक प्लास्टिक) कातून घेता येईल, तिची मापं मी देतो.