फेज शिकायचंय? आधी मासा शिकावा लागेल

प्रश्न : जिंतूर तालुक्यात आमचं शेततळं आहे. रोहू-कटला सोडले होते. फेब्रुवारीत पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले, आठवडाभरात निम्मे गेले. काहींच्या अंगावर लाल चट्टे होते. लेक बारावी सायन्सला आहे, जीवशास्त्र घेतलंय. ती म्हणते, जिवाणू मारणारे विषाणू असतात, त्यांनी माशांचे रोग बरे करता येतात, मला तेच शिकायचंय. मी म्हणतो नीट दे, नाहीतर नर्सिंगला जा. असा काही कोर्स आहे का? – एक पालक

उत्तर : जिवाणू मारणाऱ्या या विषाणूंना थोडक्यात फेज म्हणतात. फेजचा म्हणून वेगळा पदवी कोर्स नाही. पण लेक म्हणते ते खरं आहे. बॅक्टेरिओफेज हे त्यांचं पूर्ण नाव फेलिक्स द'हेरेल या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञानं 1917 मध्ये दिलं. हे विषाणू जिवाणूच्या अंगावर चिकटतात, आत आपली जनुकं सोडतात, तिथंच वाढतात आणि जिवाणू फोडून बाहेर पडतात. माशाला त्यांची बाधा होत नाही. आपल्याकडंही यावर काम झालंय. मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयात इंद्राणी करुणासागर आणि सहकाऱ्यांनी कोळंबीच्या हॅचरीत, म्हणजे पिल्लं तयार करतात तिथं, व्हिब्रिओ हार्वेई या रोगकारक जिवाणूवर फेज वापरले. 2007 मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यात अँटिबायोटिकपेक्षा जास्त पिल्लं वाचली होती.

आता अडचणी सांगतो, कारण करिअर तिथंच आहे. एक फेज सहसा एकाच जातीच्या जिवाणूवर चालतो, कधी तर त्या जातीच्या ठरावीक वाणावरच. म्हणजे एरोमोनास या जिवाणूवरचा फेज फ्लेव्होबॅक्टेरियम या दुसऱ्या जिवाणूवर काही करणार नाही, आणि रोग बुरशीचा किंवा परजीवीचा असेल तर सगळा खर्च पाण्यात. जिवाणूही कालांतराने फेजला दाद देत नाहीत, म्हणून दोन-चार फेज एकत्र वापरतात. काही फेज जिवाणूला न मारता त्याच्या जनुकांतच मुक्काम ठोकतात आणि कधी विषाची जनुकंही एका जिवाणूतून दुसऱ्यात नेतात. ते आधी ओळखून बाजूला काढावे लागतात. शिवाय हॅचरीची टाकी वेगळी आणि तुमचं तळं वेगळं. 30 बाय 30 बाय 3 मीटरच्या शेततळ्यात, बाजूंचा उतार धरून, वीस-बावीस लाख लिटर पाणी, वर आपलं ऊन. त्यात फेज किती टिकणार? खाद्यातून देता येतात का, यावर म्हणूनच प्रयोग चालतात.

तुमच्या माशांचंच बघा. पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करणं हे बहुधा पाण्यातला प्राणवायू कमी पडल्याचं लक्षण. चट्टे जिवाणूंचे असू शकतात, पण ते आधीच थकलेल्या माशावर नंतर आले का? हे न तपासता फेज टाकले असते, तर मासे गेलेच असते. फेज शोधणारी माणसं पुढं मिळतील. रोग नेमका ओळखणारा माणूस शेततळ्याच्या बांधावर आजच मिळत नाही.

म्हणून माझं मत सरळ बी.एफ.एस्सी.च्या, म्हणजे मत्स्य विज्ञान पदवीच्या बाजूनं आहे. चार वर्षांची पदवी आहे आणि उदगीरलाच मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, नागपूरच्या माफसूचं, म्हणजे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं. मत्स्यरोग, सूक्ष्मजीवशास्त्र, पाण्याची तपासणी, खाद्य हे सगळं त्यात येतं. प्रवेशाचे नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतूनच बघा, शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. पुढं मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. तिथं जलचर आरोग्य विषयात एम.एफ.एस्सी. आणि पीएच.डी. करता येते, आणि तो रस्ता मुख्यतः बी.एफ.एस्सी.वाल्यांचा आहे. फेजवर खरं काम तिथून पुढं. बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीही वाईट नाही. प्रयोगशाळेतला हात बसतो, औषध कंपन्यांतही संधी असते. पण मासा हातात येत नाही.

नोकरीचं विचाराल तर फेजच्या नावानं जाहिरात क्वचितच दिसेल. हॅचऱ्या, खाद्य कंपन्या, तपासणी प्रयोगशाळा, राज्याचं मत्स्यव्यवसाय खातं, असा पसारा आहे. घर सोडावं लागेल, बहुतेक कोळंबीचं काम किनाऱ्याकडं आहे. नर्सिंग चांगलंच आहे, पण तिला नको असेल तर रेटू नका.

तोवर एक करा. पुन्हा मासे आजारी पडले, तर अजून जिवंत असलेले दोन-तीन आजारी मासे ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत आणि तळ्याचं पाणी वेगळ्या स्वच्छ बाटलीत घ्या. उदगीरला आधी फोन करा आणि लेकीलाही सोबत न्या. सडलेला मासा नेऊ नका. मेल्यावर त्यात भलतेच जिवाणू वाढतात आणि निदान चुकतं.