रिपोर्टमधे सगळीकडे ‘आर’, तरी डॉक्टर थांबा का म्हणतात?

प्रश्न: माझ्या जाऊबाई देवापुढच्या समईने पदर पेटून भाजल्या, 25 टक्के सांगितलंय, इथेच इंदूरला बर्न वॉर्डात आहेत, आज दहावा दिवस. ड्रेसिंगच्या वेळी घेतलेल्या स्वॅबमधे अ‍ॅसिनेटोबॅक्टर नावाचा जंतू निघाला, मेरोपेनेमसकट सगळ्या अँटिबायोटिकपुढे आर, म्हणजे औषध चालत नाही, कोलिस्टिनपुढे नुसता आय, म्हणजे मधलंच. पहिल्या दिवसापासून स्ट्राँग अँटिबायोटिक द्या म्हणून आम्ही मागे लागलो होतो, दिलं नाही, आणि आताही थांबा म्हणतात. हा हलगर्जीपणा नाही का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर: ताई, तो रिपोर्ट हातात घेऊन रात्र कशी गेली असेल ते कळतं मला. पण तुम्ही सांगितलंत त्यावरून मला हा हलगर्जीपणा वाटत नाही.

भाजलेल्या जखमेवर जंतू येतातच. आधी बहुतेक आपल्याच कातडीवरचे स्टॅफ, मग आठवड्याभरात स्यूडोमोनास, क्लेबसिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर. स्वॅबवर जंतू सापडला म्हणजे तो आत शिरलाच असं नाही, वरवर बसलेला जंतू आणि रक्तात उतरलेला जंतू यात फार फरक आहे. आणि वरची जळून मेलेली कातडी असते ना, तिच्यात रक्तच फिरत नाही, मग सलाईनमधून दिलेलं औषध तिथे पोचणार कसं? म्हणून पहिल्या दिवसापासून दिलेल्या अँटिबायोटिकने साधे जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात, त्यांना मोकळं रान मिळतं. तुम्ही मागितलंत ते काळजीपोटीच, पण न देणारे डॉक्टर बरोबर होते.

कोलिस्टिनचं म्हणाल तर 1950च्या दशकातलं जुनं औषध, किडनीला त्रास देतं म्हणून मधे बाजूला पडलं होतं, आता दुसरं काही चालेना म्हणून परत काढलंय. आणि तो ‘आय’ बघून घाबरू नका, लॅबवाले ज्या अमेरिकन नियमांनी रिपोर्ट देतात त्यात 2020पासून या जंतूंसाठी कोलिस्टिनला ‘एस’, म्हणजे औषध चालतं असं, लिहायची सोयच नाही, कारण त्या औषधाची तेवढी खात्री देता येत नाही. म्हणून ते उगाच सुरू करत नाहीत. पण बीपी उतरलं, बरळायला लागल्या, लघवी कमी झाली, जखम काळी-जांभळी पडायला लागली तर लगेच सिस्टरना सांगा, तेव्हा कोणी थांबणार नाही. नुसता ताप मात्र भाजलेल्यांना इन्फेक्शन नसतानाही येतो.

उद्या डॉक्टरांना हे विचारा, मेलेली कातडी कधी काढणार आणि स्किन ग्राफ्ट, म्हणजे दुसरीकडची चांगली कातडी, कधी लावणार? खरा इलाज तो आहे, जखम झाकली गेली की जंतूंची जागाच जाते.

आणि एक कळकळीने सांगते, हा जंतू कोरड्या कॉटवर, मोबाइलवर, पडद्यावर कित्येक दिवस जिवंत राहतो आणि एका पेशंटकडून दुसऱ्याकडे मुख्यतः हातांवरून जातो. आपल्याकडे कोणी अ‍ॅडमिट झालं की अख्खं रामबाग भेटायला लोटतं, प्रेमच असतं ते, पण आत एकानेच जा, जाताना आणि येताना दोन्ही वेळा हात धुवा, कॉटवर बसू नका. खजराना गणपतीची फुलं उशाशी ठेवली असतील तर घरी देवघरात नेऊन ठेवा, फुलांवर आणि फुलदाणीच्या पाण्यात स्यूडोमोनास असू शकतो. डबा मात्र न्या, डॉक्टरांना विचारून अंडी, पनीर, घट्ट वरण, कातडी भरून यायला प्रोटीन खूप लागतं, आणि दहा दिवसांत त्यांचं अंग किती उतरलं असेल ते तुम्ही बघताच आहात.