पाणबुडीवरची कादंबरी खरी वाटायला किती तांत्रिक तपशील लागतात?

तुम्ही विचारलंय की, नौदलात कधीच नसलेल्या माणसाने मराठीत पाणबुडीवर युद्धकादंबरी लिहायला घेतली तर तांत्रिक तपशील किती अचूक हवेत, आणि एखादा चुकला तर वाचक पुस्तक मिटून ठेवेल का. सोबत एक प्रसंगही दिलाय. आपली डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी संध्याकाळी मुंबईहून निघते, पाण्याखालून पूर्ण वेगाने जाते आणि पहाटे कराचीसमोर हजर होते. त्या प्रसंगाकडे शेवटी येतो, कारण त्यात तुमच्या कादंबरीचं बरंच काही दडलेलं आहे.

मीही नौदलात नव्हतो. बंदरांच्या सर्वेक्षणात मात्र माझी बरीच वर्षं लॉंचवर गेली. इको साउंडर लावायचा, आवाज तळाशी पाठवायचा, तो परत यायला लागलेल्या वेळावरून खोली काढायची. पाण्यात आवाजावरून वस्तू शोधणारं सोनार हे यंत्र असतं, त्याच्याच कुळातलं हे काम. नोकरीच्या पहिल्या वर्षी कोकणातल्या एका खाडीच्या तोंडाशी मी सकाळभर खोली मोजत होतो. आदल्या दोन दिवसांत पाऊस धो धो कोसळला होता. लॉंचचे तांडेल शांतपणे म्हणाले, "सायेब, वरचं पाणी गोडं हाय आज." मी मान डोलावली आणि काम चालू ठेवलं. दुपारी बार चेक केला, म्हणजे खुणा केलेल्या साखळीने लोखंडी पट्टी ठरावीक खोलीवर सोडून यंत्र तीच खोली दाखवतं का ते पाहिलं. दाखवत नव्हतं. गोड्या पाण्यात आवाज खाऱ्या पाण्यापेक्षा हळू जातो. मी यंत्रात खाऱ्या समुद्राचा वेग भरला होता, त्यामुळे आवाज उशिरा परतला की यंत्राला वाटायचं, तळ जास्त खाली आहे. असा फरक दहा मीटरला वीस-पंचवीस सेंटिमीटरपर्यंत जातो. म्हणजे जहाजाला जागा आहे असं नकाशा सांगणार, आणि प्रत्यक्षात ती तेवढी नसणार. सकाळचं सगळं काम पुन्हा केलं.

हे सांगितलं कारण तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर मला त्या दिवशी मिळालं. यंत्र काय करू शकतं हे माहितीपत्रकात छापलेलं असतं आणि ते कुणीही उतरवून काढू शकतो. यंत्राला काय जमत नाही, ते कधी फसवतं, आणि फसवतंय हे त्याच्यासमोर बसलेल्या माणसाला कशावरून कळतं, इथे कादंबरी खरी वाटायला लागते.

या प्रकारातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण घ्या. 'द हंट फॉर रेड ऑक्टोबर' ही कादंबरी १९८४ साली आली. सोव्हिएत कप्तान आपली पाणबुडी घेऊन अमेरिकेकडे पळतो, अशी तिची गोष्ट. लेखक टॉम क्लॅन्सी मेरिलँडमध्ये विम्याचा व्यवसाय करत होते. सैन्यात ते कधीच नव्हते, दृष्टी अधू होती. पुस्तक काढलं अमेरिकेच्या नेव्हल इन्स्टिट्यूटच्या प्रकाशनाने, जिथे एरवी नौकानयन आणि नौदलाच्या इतिहासाची पुस्तकं निघत. नवी कादंबरी त्यांनी तोवर छापलीच नव्हती. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी जाहीर कौतुक केलं आणि पुस्तक हातोहात खपलं. एवढी माहिती या माणसाला मिळाली कुठून, असा प्रश्न खुद्द नौदलातल्यांना पडला. क्लॅन्सी सांगत राहिले की सगळं उघड छापलेल्या साहित्यातून घेतलं. त्यांच्या साधनांत 'हार्पून' नावाचा नौदल युद्धाचा खेळही होता. तो लॅरी बाँड या माजी नौदल अधिकाऱ्याने रचला होता. म्हणजे नौदलात नसणं हा अडथळा नाही, याची काळजी सोडा.

त्या कादंबरीचा कणा असलेलं यंत्र मुळात कल्पित आहे. पाणबुडीच्या अंगातून आरपार गेलेले बोगदे, त्यांत फिरणारी पाती, आणि म्हणून बाहेर जवळजवळ आवाज नाही. १९९० च्या चित्रपटात ते बदलून चुंबकीय शक्तीने पाणी मागे ढकलणारं यंत्र दाखवलं. पुढे जपानने 'यामातो १' या छोट्या जहाजावर त्या तत्त्वाचं इंजिन खरोखर चालवलं, १९९२ साली. वेग मिळाला जेमतेम ८ नॉट, ताशी साधारण १५ किलोमीटर. इतकं कल्पित यंत्र वाचकाने गिळलं कसं? कारण त्याच्या आजूबाजूचं सगळं यंत्राच्या मर्यादेत वागतं. चित्रपटातला प्रसंग आठवा. संगणक सांगतो की हा आवाज भूगर्भातल्या हालचालीचा आहे. सोनारवरच्या पोराला ते पटत नाही. तो ध्वनिफीत वेगाने वाजवून ऐकतो आणि त्यातला ठेका त्याला सापडतो. संगणक चुकू शकतो हे मान्य केल्यामुळे ऐकणाऱ्या माणसाला किंमत येते. तांडेलांचं वाक्य ऐकूनही मी काम चालू ठेवलं होतं, म्हणून तो प्रसंग मला प्रत्येक वेळी लागतो.

आता उलटी बाजू. कादंबरीची कल्पना एका खऱ्या घटनेवरून सुचली. नोव्हेंबर १९७५ मध्ये रिगाच्या बंदरातून 'स्टोरोझेव्हॉय' ही सोव्हिएत युद्धनौका तिच्याच राजकीय अधिकाऱ्याने, व्हॅलेरी साब्लिनने, कप्तानाला कोंडून बाहेर काढली. सोव्हिएत विमानांनी बाँब टाकून ती थांबवली. पश्चिमेकडे समज झाला की हा माणूस जहाज घेऊन स्वीडनला पळत होता. अमेरिकी नौदलाच्या एका अधिकाऱ्याने त्यावर प्रबंध लिहिला आणि क्लॅन्सींनी तो वाचला. पुढे उघड झालं की साब्लिनला पळायचंच नव्हतं. त्याला लेनिनग्राड गाठून लोकांना आवाहन करायचं होतं, कारण क्रांतीशी सत्ताधाऱ्यांनी दगाफटका केला असं त्याचं मत होतं. १९७६ साली त्याला गोळी घालण्यात आली. सोनार, टॉर्पेडो, इंधन यांचे तपशील तपासताना आपण माणसाचा हेतू मात्र गृहीत धरतो, ही मला या प्रकारातली सगळ्यात मोठी तांत्रिक चूक वाटते. हो, तांत्रिकच. शत्रूचा अधिकारी का वागतो हे चुकलं की त्याची प्रत्येक चाल चुकते. तुमच्या कादंबरीत पाकिस्तानी पाणबुडीचा कप्तान असणार. त्याला आपल्या कप्तानाइतकाच हुशार, दमलेला आणि जबाबदार ठेवा.

आकडे चुकल्याने काय होतं, याचं उत्तर क्लॅन्सींच्याच पुढच्या पुस्तकात आहे. 'रेड स्टॉर्म रायझिंग' १९८६ ची. रडारला न दिसणारं 'एफ-१९' विमान तिच्यात पहिल्याच रात्री सोव्हिएत टेहळणी विमानं पाडतं. दोन वर्षांनी अमेरिकेने खरं विमान जाहीर केलं. नाव 'एफ-११७', आकार सपाट पैलूंचा, काम जमिनीवर बाँब टाकण्याचं. हवेतल्या लढाईसाठी ते नव्हतंच. नाव चुकलं, रूप चुकलं, काम चुकलं. तरी ते प्रकरण मी आजही वाचतो, कारण असं विमान असेल तर पहिल्या रात्री आधी कुणाचे डोळे फोडावे लागतील, हा विचार बरोबर आहे. आकडे जुने होतात, चुकीचे ठरतात. कार्यकारणभाव टिकतो.

शस्त्रं फसतात, हेही लिहा. २ मे १९८२ रोजी ब्रिटनच्या 'कॉन्करर' या अणुपाणबुडीने अर्जेंटिनाची 'जनरल बेलग्रानो' बुडवली. पाणबुडीवर 'टायगरफिश' हे नवे, तारेने दिशा देता येणारे टॉर्पेडो होते. कप्तानाने वापरले मार्क ८, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या आराखड्याचे, सरळ रेषेत जाणारे, कारण नव्यांवर भरवसा नव्हता. तीन सोडले, दोन लागले, ३२३ माणसं गेली. अणुभट्टीवर चालणाऱ्या पाणबुडीतून आजोबांच्या काळातलं शस्त्र सुटतं. असा तपशील घरात बसून कुणी रचला तर संपादक खोडेल, पण घडलं ते असंच.

आपल्याकडचं दुखणं जवळचं आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने आपली 'खुकरी' ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. हंगोरचा पहिला टॉर्पेडो खुकरीसोबतच्या 'किरपाण' या युद्धनौकेवर सोडलेला होता, तो वाया गेला. तुम्ही या पाण्यात कादंबरी बेतताय, तर ही रात्र पूर्ण वाचून काढा आणि मगच लिहा. दोन जहाजं पाणबुडीच्या शोधात असतात आणि पाणबुडीलाच ती आधी सापडतात, यात सोनारच्या मर्यादेचा सगळा धडा आहे.

आणि इथेच मराठी लेखक हमखास घसरेल असा एक खड्डा आहे. इंग्रजी कादंबऱ्यांतली पाणबुडी अटलांटिकच्या खोल पाण्यात असते. तिथे आवाज खाली वाकतो, खोलीवरच्या दाबामुळे परत वर वळतो आणि पन्नास-साठ किलोमीटरवर पुन्हा पृष्ठभागाजवळ गोळा होतो. त्यामुळे फार दूरचं जहाज अचानक स्पष्ट ऐकू येतं. सुंदर प्रसंग असतो तो. तोच उचलून दीवसमोर ठेवला तर खोटा पडेल. मुंबई-खंबातच्या समोर समुद्रबूड जमीन फार लांबवर पसरलेली आहे, खोली दोनशे मीटरच्या आत. आवाजाला वळून वर यायला जागाच नाही. तो तळावर आपटतो, वर आपटतो, विरत जातो. त्यात मासेमारीच्या ट्रॉलरांची इंजिनं, आणि उथळ उबदार पाण्यात नांगी आपटणाऱ्या झिंग्यांची अखंड चटचट, कढईत मोहरी तडतडावी तशी. तुमच्या सोनारवाल्याला हे ऐकू येऊ द्या. ट्रॉलरांच्या घोळक्यातून एक वेगळं इंजिन ओळखायचा प्रयत्न करणारा पोरगा, त्याचं गाव वेंगुर्ले असेल आणि वडिलांची होडी असेल, तर त्याला एक कान जास्तच असणार. हा प्रसंग अटलांटिकवाल्यांना लिहिताच येणार नाही.

माहिती किती ओतायची? पात्राला त्या क्षणी जेवढी लागते तेवढीच. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड हजार मीटर जातो, हे वाक्य कप्तानाने आपल्या सहकाऱ्याला सांगायचं नसतं, ते दोघांनाही माहीत आहे. गोपनीय गोष्टींच्या मागे तर लागूच नका. ओळखीच्या नौसैनिकाला तो सांगू शकत नाही असं विचारून अडचणीत आणू नका. त्याऐवजी विशाखापट्टणमला जा. 'कुरसुरा' ही १९६९ ची रशियन बनावटीची पाणबुडी २००१ साली निवृत्त झाली आणि २००२ पासून समुद्रकिनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभी आहे. ९१ मीटर लांब, पण आत शिरल्यावर दोन माणसांना समोरासमोर जाता येत नाही, एकाला भिंतीला चिकटावं लागतं. गोल दारातून पाय आधी टाकायचा की डोकं, हे अंगाला कळतं. मी तिथे कप्पे मोजत नव्हतो. स्वयंपाकाची जागा पाहत होतो. एवढ्याशा ओट्यावर इतक्या माणसांचं जेवण करणारा आचारी मला अजून कुठल्या कादंबरीत भेटलेला नाही.

आता तुमचा प्रसंग. मुंबई ते कराची समुद्रमार्गे साधारण ५०० सागरी मैल. पाण्याखाली वीस नॉटचा वेग धरला तरी २५ तास होतात, म्हणजे एका रात्रीत ते होतच नाही. त्याहून मोठी अडचण बॅटरीची. वेग दुप्पट केला की शक्ती साधारण आठपट लागते. अशी पाणबुडी तीन-चार नॉटने काही दिवस खाली राहू शकते, आणि पूर्ण वेगाने गेली तर बॅटरी तास-दोन तासांत उतरते. मग स्नॉर्केलची नळी पाण्याबाहेर काढून डिझेल इंजिन चालवावं लागतं. ती नळी रडारला दिसू शकते आणि इंजिनाचा आवाज दूर जातो. चार नॉटने गेलात तर पाच दिवस लागतील.

ते पाच दिवस घ्या. एक रात्र लिहायला बसलात तर तुमच्याकडे फक्त वेग आहे. पाच दिवसांत तुमच्या कप्तानाला रोज रात्री ठरवायचंय की नळी आत्ता वर काढायची की आणखी दोन तास थांबायचं. बॅटरीचा आकडा उतरतोय, आतली हवा जड झालीय, आणि वर कुणाच्या तरी ट्रॉलरचं इंजिन बंद पडून ती नेमकी डोक्यावर वाहत आलीय. तिच्यावरचे लोक आपले आहेत की पलीकडचे, तेही कळत नाही. पहिलं प्रकरण तिथून सुरू करून पाहा, आणि लिहून झालं की इथेच टाका. बॅटरीचा हिशेब मी तपासून देईन.